सरकारतर्फे कोण उभे राहते?

सिनेमातला सरकारी वकील आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. काळा डगला, हवेत उगारलेला हात आणि पिंजऱ्यातल्या आरोपीवर रोखलेले बोट. खून, दरोडा, हुंडाबळी अशा खटल्यांत सरकारची बाजू मांडणारा असा वकील खरोखरच असतो. त्याला सरकारी अभियोक्ता म्हणतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा खटला ज्यांच्या वाट्याला आला, त्या आमच्या वाचकांना त्याची चांगली-वाईट ओळख आहेच. पण आज आम्हाला लिहायचे आहे ते दुसऱ्याच एका सरकारी वकिलाविषयी. त्याच्या खटल्यात पिंजऱ्यात माणूस नसतो. तिथे उभा असतो खुद्द कायदा.

हे कसे, ते पाहू. विधानसभेत एखादा कायदा मंजूर होतो, राज्यपालांची सही होते, राजपत्रात तो छापला जातो. कायदा आपल्या हिताचा असला तर वस्तीत गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात, नेत्यांचे सत्कार होतात. आणि महिनाभरात कोणीतरी उच्च न्यायालयात याचिका दाखल करतो की, हा कायदा घटनेतील समानतेच्या हक्काचा भंग करतो, सबब तो रद्द करावा. असा अर्ज करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा टिकणार नाही, असे घटनेचे १३ वे कलम सांगते. त्या हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट ३२ वे कलम देते. या कलमाला खुद्द बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले होते. ज्या दाराने आपण न्याय मागायला जातो, त्याच दाराने आपल्या कायद्याचा विरोधकही आत येतो. दार एकच आहे आणि ते सर्वांना उघडे आहे.

मग त्या कायद्याच्या बाजूने कोण बोलणार? ज्या आमदारांनी हात वर केले ते तिथे नसतात. मोर्चे काढणारे फार तर मागच्या बाकावर बसू शकतात. ज्याच्या अंगावर सरकारचे वकीलपत्र आहे तो एक माणूस उठतो आणि त्याच्या तोंडून सरकार बोलते. राज्याचा या कामातला प्रमुख म्हणजे महाधिवक्ता. घटनेच्या १६५ व्या कलमाने हे पद निर्माण केले. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता ज्याच्यापाशी आहे अशाच व्यक्तीची या पदावर राज्यपाल नेमणूक करतात. महाधिवक्त्याला विधिमंडळात जाऊन बोलताही येते, फक्त मत देता येत नाही. केंद्र सरकारसाठी असेच पद ७६ व्या कलमाने दिले आहे, ते महान्यायवादी. महाधिवक्त्याशिवाय सरकारी वकील, अतिरिक्त सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकील अशी फळी मुंबईत, नागपूर व औरंगाबाद खंडपीठांत आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे काम करते. खालच्या न्यायालयात एखाद्या दाव्यात कायद्याच्या घटनात्मकतेचाच मोठा प्रश्न निघाला, तर महाधिवक्त्याला नोटीस दिल्याशिवाय न्यायालयाला त्याचा निर्णय करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. कायद्यालाही वकील मिळालाच पाहिजे, असा त्याचा अर्थ.

वकिलाची जीभ आणि मंत्रालयाची फाईल

कोर्टात बोलतो वकील. पण तो काय बोलू शकतो हे आधीच ठरलेले असते. याचिकेची प्रत आली की ती मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे जाते. तिथे कक्ष अधिकारी, अवर सचिव वगैरे मंडळी याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदावर आपले अभिप्राय लिहितात. त्यावरून सरकारी वकिलाच्या कार्यालयात प्रतिज्ञापत्र तयार होते आणि त्यावर शपथ घेऊन सही करतो एखादा अधिकारी. वकील सही करीत नाही. कारण आकडे, तारखा, सरकारने काय केले आणि का केले, ही सरकारची माहिती असते. प्रतिज्ञापत्रात जे नाही ते वकिलाला आपल्या वक्तृत्वाने भरून काढता येत नाही. न्यायाधीश विचारतात, "हे कुठल्या पानावर आहे?" आणि पान नसेल तर बोलणेच खुंटते.

कायद्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट असते. विधिमंडळाने केलेला कायदा घटनेला धरून आहे असेच न्यायालय आधी मानून चालते. तो घटनाबाह्य आहे हे दाखवण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर असतो. सामान्य कायद्यात हा नियम सरकारी वकिलाच्या पाठीशी ढालीसारखा असतो. पण आरक्षणाचा प्रश्न आला की ही ढाल पातळ होते. तिथे सरकारलाच सांगावे लागते की, कोण किती मागे आहे, कोणत्या पदावर कोणाची किती माणसे आहेत, आणि हे तुम्ही मोजले केव्हा. याचा अनुभव नवा नाही. प्रजासत्ताक स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हापासूनचा आहे.

त्या वेळच्या मद्रास राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागा एका सरकारी आदेशाने वाटल्या जात. दर १४ जागांत ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागासलेल्या हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना (त्या आदेशातला शब्द तसाच आहे), १ अँग्लो-इंडियन व ख्रिश्चनांना आणि १ मुसलमानांना. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिलेने त्याला आव्हान दिले. तिने महाविद्यालयात प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्जही केलेला नव्हता, तरी खटला चालला. मद्रासचे महाधिवक्ता व्ही. के. टी. चारी आदेशाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुख्य आधार घटनेचे ४६ वे कलम हा होता. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची राज्याने विशेष काळजी घ्यावी, असे ते कलम म्हणते. न्यायालयाने ऐकून घेतले आणि नाकारले. मार्गदर्शक तत्त्वांना मूलभूत हक्कांच्या वर जाता येणार नाही, असा निकाल ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला. आदेश रद्द झाला.

चारी हरले. पण त्यांनी मांडलेला प्रश्न हरला नाही, कारण दिल्लीत तेव्हा कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मे १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत बाबासाहेबांनी या निकालाविषयीचे आपले असमाधान संसदेत उघड बोलून दाखवले. १५ व्या कलमाला चौथे उपकलम जोडले गेले आणि १८ जून १९५१ पासून ते अमलात आले. आज आपली मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर शिकते ती या उपकलमाच्या आधारावर. कोर्टात हरलेल्या एका सरकारी वकिलाची बाजू दोन-अडीच महिन्यांत घटनेचा भाग झाली, हे आमच्या घरांतून फारसे सांगितले जात नाही.

अन्यायाचा वकील

आतापर्यंत वाचकांना वाटेल की सरकारी वकील म्हणजे दुबळ्यांचा कैवारी. तसे मुळीच नाही. त्याला कायदा निवडता येत नाही. सरकारी वकिलाच्या टेबलावर आज आपल्या हिताचा कायदा येईल, उद्या आपल्यावर अन्याय करणारा येईल. याचे सर्वात बोलके उदाहरण भारतात नाही, अमेरिकेत आहे, आणि ते आमच्या वाचकांनी मुळातून समजून घ्यावे असे आहे.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात १८७९ सालचा एक कायदा होता. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या ठेवण्याची मुभा तो शाळा मंडळांना देत होता. टोपेका शहराने ती मुभा घेतली. ऑलिव्हर ब्राऊन हे तिथल्या सँटा फे रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर होते. परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्या आमच्या वाचकांना हा माणूस परका वाटणार नाही. त्यांची मुलगी लिंडा हिला घराजवळची सम्नर शाळा बंद होती, कारण ती गोऱ्यांची. रेल्वेच्या रुळांजवळून चालत जाऊन, पुढे बस पकडून तिने दूरच्या मन्रो शाळेत जायचे. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवले जाणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला सांगावे लागत नाही त्या समाजाला या मुलीची वाट दिसेल.

१९५१ साली ब्राऊन आणि इतर पालकांनी खटला भरला. खालच्या न्यायालयाने निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध. पण निकालपत्रात न्यायाधीशांनी एक नोंद केली : वेगळ्या शाळांमुळे कृष्णवर्णीय मुलांच्या मनावर न्यूनतेचा ठसा उमटतो आणि त्यांच्या शिक्षणाची हानी होते. खटला हरला, पण ही नोंद कागदावर राहिली.

प्रकरण वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेले. तोवर टोपेकाच्या शाळा मंडळाचे मन बदलले होते. त्याने बाजू मांडायचेच नाकारले. राज्य सरकारही चुळबुळ करीत बसले. तेव्हा २४ नोव्हेंबर १९५२ रोजी न्यायालयानेच कॅन्ससला कळवले की, राज्याने आपले म्हणणे मांडावे. हजर राहायचे नसेल तर कायदा अवैध असल्याची ती कबुली समजायची काय, तेही सांगावे. पंधरा दिवस उरले होते. राज्याच्या महाधिवक्त्याने हे काम आपला एक सहायक पॉल विल्सन याच्यावर टाकले. चाळिशीच्या आतला, कॅन्ससच्या लहान गावाकडचा हा वकील सर्वोच्च न्यायालयात पूर्वी कधीही उभा राहिला नव्हता. समोर होते रॉबर्ट कार्टर. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारे हे नामवंत वकील स्वतः कृष्णवर्णीय होते आणि बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले तिथूनच त्यांनीही कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली होती.

९ डिसेंबर १९५२ रोजी विल्सनने युक्तिवाद केला. त्याने काय सांगितले? 'वेगळे पण समान' या तत्त्वाला याच न्यायालयाने पूर्वी मान्यता दिली आहे, कॅन्ससच्या न्यायालयांनी हा कायदा उचलून धरला आहे, शाळांच्या इमारती आणि शिक्षक दोन्हीकडे सारखेच आहेत. तेव्हा कायदा वैध आहे. कृष्णवर्णीय हीन आहेत असे तो म्हणाला नाही. गोऱ्यांच्या भावनांची भीतीही त्याने घातली नाही. जुन्या निकालांवर बोट ठेवून तो थांबला.

मग न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी विचारले : समजा आम्ही हा निकाल फिरवला, तर तुमच्या राज्यात त्याचे परिणाम काय होतील? आपल्या अशिलाला वाचवण्यासाठी वकिलाला इथे पुष्कळ काही रंगवता आले असते. दंगे होतील, शाळा ओस पडतील, असे म्हणायला कोणाची हरकत नव्हती. दक्षिणेकडच्या राज्यांचा सूर पुढे तसा लागलाच. विल्सनने उत्तर दिले ते असे की, अगदी मोकळेपणाने सांगायचे तर परिणाम फारसे गंभीर होणार नाहीत. आमच्याकडे कृष्णवर्णीयांची संख्या थोडी आहे. त्यांच्या शाळांतल्या शिक्षकांना सामावून घेताना थोडी अडचण येईल, एवढेच.

आम्हाला या उत्तराचे मोल फार वाटते. या माणसाने अन्यायाच्या बाजूचे वकीलपत्र घेतले होते, हे खरेच आहे आणि ते आम्ही झाकणार नाही. लिंडा ब्राऊनच्या वाटेतला काटा राखायला तो वॉशिंग्टनपर्यंत गेला. पण न्यायालयाने खरे विचारले तेव्हा त्याने खरे सांगितले. सरकारी वकील दोन धन्यांचा चाकर असतो. सरकारची बाजू होईल तितकी बळकट मांडायची, आणि न्यायालयाशी खोटे बोलायचे नाही. आपल्या बाजूचा कायदा असेल तेव्हा आपल्याला पहिली गोष्ट हवी असते. आपल्या विरुद्धचा असेल तेव्हा दुसरीच गोष्ट आपल्याला वाचवते.

१७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालपत्रात आधार घेतला तो खालच्या न्यायालयाच्या त्याच नोंदीचा, हरलेल्या निकालातल्या. विल्सन पुढे कॅन्सस विद्यापीठात कायद्याचा प्राध्यापक झाला आणि १९९५ साली त्याने या खटल्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो 'हरण्याची वेळ'.

आपला कायदा पिंजऱ्यात

विल्सनचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९९५ साली, आपल्याकडे एका कायद्याचा जीव टांगणीला लागला होता. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. ३० जानेवारी १९९० पासून लागू. त्याचे १८ वे कलम म्हणते की, या कायद्याखालच्या आरोपीला अटकपूर्व जामीन नाही. गावात ज्याची सत्ता, ज्याची जमीन, ज्याच्या विहिरीवर पाणी, तो आरोपी मोकळा राहिला तर साक्षीदार उभे राहत नाहीत, हे या कलमामागचे कारण. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलमच घटनाबाह्य ठरवले. मध्य प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे संसदेने केलेल्या आपल्या कायद्याचा बचाव एका राज्याच्या वकिलांना करावा लागला.

६ फेब्रुवारी १९९५ रोजी तो बचाव यशस्वी झाला. न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी लिहिलेल्या निकालात सांगितले की, अटकपूर्व जामीन हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा अविभाज्य भाग नाही. तो १९७३ च्या संहितेने दिलेला हक्क आहे. हे गुन्हे एका वेगळ्या जातीचे आहेत, त्यांची मुळे अस्पृश्यतेत आहेत, आणि आरोपी मोकळे राहिले तर ते पीडितांवर दहशत बसवतील ही भीती वाजवी आहे. विधेयक मांडताना जे उद्देश आणि कारणे सांगितली होती, त्यांचाही न्यायालयाने आधार घेतला. वाचकहो, लक्षात घ्या. कायदा करताना कोणीतरी कारणे नीट लिहून ठेवली, म्हणून पाच-सहा वर्षांनी वकिलाच्या हाती पान होते.

पुढचा घाव महाराष्ट्रातून निघाला. कराडच्या सरकारी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने केलेली तक्रार, तीवरून झालेला गुन्हा, आणि आरोपी अधिकाऱ्याचे अपील. त्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी साऱ्या देशासाठी निर्देश दिले : गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल, सरकारी नोकराला अटक करायला त्याच्या नेमणूक अधिकाऱ्याची परवानगी लागेल, इतरांसाठी जिल्हा पोलीस प्रमुखाची, आणि पहिल्या नजरेत गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन देता येईल. कायद्याचे शब्द तेच राहिले, दात काढले गेले. या सुनावणीत केंद्र सरकारतर्फे वकील हजर होता. पहिल्या नजरेत गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाला संपूर्ण बंदी नाही, असे त्याने आधीच्या निकालांच्या आधाराने सांगितल्याची नोंद निकालपत्रात आहे. कायद्याच्या पुस्तकात बघितले तर या म्हणण्याला आधार आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण न्यायालयापुढे खोट्या तक्रारींचे आकडे मांडले जात असताना, खऱ्या तक्रारी न्यायालयापर्यंत पोचतच नाहीत हे सांगणारा आवाज त्या दालनात घुमला नाही. तो घुमला २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये, रस्त्यावर, आणि त्यात माणसे मेली.

त्यानंतर केंद्राने फेरविचार अर्ज केला, महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः उभे राहिले. संसदेने ऑगस्ट २०१८ मध्ये १८-अ हे कलम घालून चौकशीची व परवानगीची अट काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते निर्देश मागे घेतले. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस कायद्याचा गैरवापरच करील असे गृहीत धरता येत नाही, असे या पीठाने म्हटले. १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ कलमही वैध ठरले. मार्च २०१८ ते फेब्रुवारी २०२० या जवळजवळ दोन वर्षांत किती पोलीस ठाण्यांतून आपली माणसे 'आधी चौकशी होऊ द्या' हे ऐकून परत गेली असतील, त्याचा हिशेब कोणत्याच निकालपत्रात नाही.

आकडे कोणी मोजायचे?

बढतीतल्या आरक्षणाचा खटला हा तर निव्वळ आकड्यांचा खटला आहे. नागराज प्रकरणात १९ ऑक्टोबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे आरक्षण ठेवायचे तर राज्याने मागासलेपणाचे आणि अपुऱ्या प्रतिनिधित्वाचे मोजता येतील असे आकडे दाखवावेत आणि प्रशासनाच्या कार्यक्षमतेचाही विचार करावा. मागासलेपणाचे आकडे अनुसूचित जाती-जमातींकडून मागणे चूक होते, हे कबूल व्हायला २०१८ चा सप्टेंबर उजाडला. तोवर बारा वर्षे गेली.

या मधल्या काळात दोन शेजारी राज्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. नागराजने मागितलेले आकडे सरकारपाशी नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत कर्नाटकाचा २००२ सालचा, बढतीनंतरच्या सेवाज्येष्ठतेचा कायदा सर्वोच्च न्यायालयात पडला होता, आणि तोही त्याच कारणाने. पण कर्नाटकाने पुढे काय केले? तेव्हाच्या अतिरिक्त मुख्य सचिव रत्नप्रभा यांची समिती नेमली. तिने खात्याखात्यांतून तीसेक वर्षांची माहिती मागवली : कोणत्या श्रेणीत किती पदे, त्यांत अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती. या अहवालावर २०१८ साली नवा कायदा केला. त्यालाही आव्हान मिळाले. १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. न्यायालय तेच, घटना तीच. पहिल्या खेपेला कागद नव्हता, दुसऱ्या खेपेला होता.

आमच्या वाचकांतले अनेक जण सरकारी कार्यालयांत, महापालिकेत, एस. टी. महामंडळात, रेल्वेत काम करतात. बिंदुनामावली म्हणजे रोस्टर, अनुशेष, सेवाज्येष्ठता यादी हे शब्द त्यांच्या रोजच्या तोंडी आहेत. रोस्टरची वही वेळेवर लिहिली न गेल्याची तक्रार युनियनच्या सभेत होते आणि तिथेच विरते. ती वही हा उद्याच्या प्रतिज्ञापत्राचा परिशिष्ट असतो, ही गोष्ट मात्र सभेत कोणी बोलत नाही.

इथे एक कडू घासही आहे. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाची १०३ वी घटनादुरुस्ती ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरली, तेव्हा नागराजसारखे मोजमाप कोणी मागितले नाही. घटनादुरुस्तीची कसोटी वेगळी आणि साध्या कायद्याची वेगळी, हे खरे. पण वस्तीतल्या माणसाला हा फरक समजावून सांगताना आमची जीभ अडखळते.

नागपूरच्या कार्यालयातून

या कामात आपली माणसे असावीत काय? आहेत. आणि एकाचा प्रवास तर सर्वांना ठाऊक हवा. अमरावतीचे भूषण गवई १९९२-९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सहायक सरकारी वकील होते. जानेवारी २००० मध्ये ते तिथेच सरकारी वकील झाले. २००३ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे, आणि १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश. या पदावर बसलेले पहिले बौद्ध. १ ऑक्टोबर २०१९ च्या ज्या पीठाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे काढलेले दात परत दिले, त्या तिघांपैकी एक तेच होते. त्यांचा प्रत्येक शब्द आम्हाला पटतो असे नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या उपवर्गीकरणाच्या निकालात अनुसूचित जातींनाही क्रीमी लेअर लावण्याची जी बाजू त्यांनी घेतली, तीवर आपल्या घराघरांत वाद झाले आणि अजून होतात. पण तो वाद आज बाजूला ठेवू.

कायदा शिकणाऱ्या मुला-मुलींच्या आई-वडिलांसाठी थोडी माहिती. खालच्या फौजदारी न्यायालयांसाठी सहायक सरकारी अभियोक्त्यांची भरती लोकसेवा आयोगामार्फत स्पर्धा परीक्षेने होते. उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांचे तसे नाही. त्यांच्या नेमणुका राज्याच्या विधी व न्याय विभागाकडून १९८४ च्या विधी अधिकारी नियमांनुसार होतात, आणि तिथे वकिलीची वर्षे मोजली जातात. म्हणजे सनद मिळाल्यावर पहिली काही वर्षे हाताशी फारसे पैसे नसताना कोर्टात टिकून राहावे लागते. मुलगा कोर्टात जातो पण घरी काही आणत नाही, ही कुरकुर आमच्या ओळखीच्या अनेक घरांतून ऐकू येते. त्याच वर्षांत त्याचे पाय तिथे रोवले जातात, एवढे लक्षात असावे.

आणि ज्यांना कोर्टाची पायरी चढायची नाही, पण पाहायचे आहे, त्यांच्यासाठी सोय झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढील सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होऊ लागल्या, मोबाईलवर दिसतात. भाषा इंग्रजी आहे, कॉलेजात जाणारे लेकरू शेजारी बसवावे. आरक्षणाचे किंवा आपल्या एखाद्या कायद्याचे प्रकरण निघाले आणि न्यायमूर्तींनी सरकारी वकिलाला आकडे विचारले, की एक गोष्ट पाहावी. वकील मान वळवून मागे पाहतो. मागच्या रांगेत खात्याचा अधिकारी मांडीवर फाईल घेऊन बसलेला असतो.